दात जाण्याआधी सोळा घरं

९ जानेवारी २०२५

वरचे पुढचे चार दात जाणार. दाताची डॉक्टरीण मेघा मुलीच्या वयाची आहे, पण दटावते आईसारखी. "काका, हिरड्यांनी हात टेकलेत. सॅक्सोफोन तुम्ही सोडा, नाहीतर तो दात घेऊनच सुटेल." बारा फेब्रुवारी तारीख दिली. म्हटलं, आम्ही बँडवाले; लग्नसराईत इतकी जवळची तारीख फक्त तुमच्याच धंद्यात मिळते! हसली.

सॅक्सोफोनची चोच वरच्या दातांवर टेकते. तो टेकू गेला की ओठ एकटे काय करणार? कवळी लावून वाजवणारे मी ऐकलेत. सायकलच्या पंपासारखा सूर.

चौतीस दिवस.

१० जानेवारी

घरी बायकोला सांगितलं. पुष्पा म्हणाली, "चला, पन्नास वर्षांनी घरात शांतता." मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच.

१२ जानेवारी, रविवार

जळगावला जाऊन आलो. अंगाचा अजून तिळपापड होतोय, म्हणून सगळं लिहून काढतो.

स्वप्नील तिथे पियानोची शिकवणी चालवतो. पुण्यात शिकून आलाय. माझ्या धुळ्याच्या दुकानातून वाद्यांचं सामान नेतो, तेव्हापासून ओळख. नऊ फेब्रुवारीला त्याने छोट्या हॉलमध्ये जॅझचा कार्यक्रम ठेवलाय. मीच एकदा बढाई मारली होती — पोरा, खान्देशात जॅझ वाजवणारा एकच माणूस आहे, तो तुझ्यासमोर बसलाय. त्याने लगेच मला सोळा घरं दिली. घर म्हणजे चार टाळ्या. धून सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग मधली मोकळी जागा एकट्याने, मनाने, तिथल्या तिथे भरायची. जॅझ म्हणजे तेच. बाकी सगळी बँड पार्टीच.

आज तालीम. मी माझी सोळा घरं वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. स्वप्नील पियानोवरून हात न काढता म्हणाला, "काका, तिन्ही वेळा तेच वाजवलंत."

म्हटलं, "मग? तिन्ही वेळा बरोबर वाजवलं!"

"नाही... म्हणजे बरोबरच. पण दर वेळी वेगळं हवं ना. हे तुमचं तुम्ही केलंय?"

"मी नाही केलं. माझ्या गुरूंनी केलं. माझ्यासमोर. त्या क्षणी. मी बसवून घेतलं."

आमच्या धंद्यात बसवणं हीच विद्या. शुक्रवारी सिनेमा लागला की मी पहिल्या शोला जाऊन बसायचो. संध्याकाळी वरातीत ते गाणं बँडवर! धुळ्यात दुसरा कोणता मास्तर एकदा ऐकून गाणं उचलत होता? एकही नाही. माझे कान. बाकी काय होतं माझ्याजवळ? बाप अमळनेरला तेलाच्या गिरणीत डबे उचलायचा.

एकोणऐंशी साली मी बावीस वर्षांचा. दुसऱ्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर होतो. भुसावळला रेल्वेच्या कॉलनीत एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे, पर्किन्स साहेब. ड्युटी नसली की व्हरांड्यात सॅक्सोफोन वाजवायचे. मी कुंपणाबाहेरून ऐकत होतो ते त्यांनी पाहिलं आणि आत बोलावलं. चार वर्षं दर सुट्टीला गेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी एका संथ धुनेवर सोळा घरं मनाने भरली. मी पुढच्या वेळी ती जशीच्या तशी वाजवून दाखवली. साहेब चाट पडले. म्हणाले, छान, आता दुसरं वाजव. मी दुसरं गाणं वाजवलं! ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा वाटलं, कौतुकाने.

हे सगळं मी स्वप्नीलला सांगितलं. अभिमानाने सांगितलं, मूर्ख मी. तो म्हणाला, "काका, एक ऐकवू?" मोबाईल पियानोवर ठेवला आणि लावलं.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीची अमेरिकेतली रेकॉर्ड. तीच धून. मग सॅक्सोफोन एकटा निघाला — पहिलं घर, दुसरं, तिसरं... सोळाच्या सोळा. साहेबांची! माझी! अकराव्या घरात साहेब श्वास चोरून घ्यायचे, ती चोरीसुद्धा तिथेच.

म्हणजे साहेबांनीही बसवलंच होतं. त्यांनी रेकॉर्डवरून उचललं, मी त्यांच्यावरून. आणि सेहेचाळीस वर्षं मी नक्कलेची नक्कल छाती फुगवून वाजवतोय.

स्वप्नील म्हणाला, "तरी कमाल आहे काका. एकही सूर इकडचा तिकडे नाही."

थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

१३ जानेवारी

दुकान उघडलं नाही. साहेब त्र्याऐंशीलाच ऑस्ट्रेलियाला गेले. भांडायचं तरी कोणाशी?

१४ जानेवारी

पुष्पाने तिळगूळ दिला. "गोड बोला." म्हटलं, आधी चावू दे.

१७ जानेवारी

ठरवलंय. दात आहेत तोवर सोळा घरं माझी, फक्त माझी, एकदा वाजवायची. लोकांसमोर. त्यानंतर चारच काय, बत्तीस काढा.

आज सकाळी गच्चीवर तीन तास. जे सुचलं ते वाजवलं आणि कान देऊन ऐकलं. पहिली ओळ छान निघाली — मग ओळखली. त्र्याऐंशी सालचं एक गाणं, अंतऱ्याच्या शेवटची तान. दुसरी निघाली, ती आईच्या जात्यावरची. तिसरी बरीच परकी वाटली, म्हणून आनंद झाला. जेवताना कळलं, रेल्वे स्टेशनवर घोषणेआधी वाजते ती. चौथी साहेबांची. पाचवी पुन्हा साहेबांची, उलट्या बाजूने.

चोराच्या घरात स्वतःची एक वाटी सापडत नाही म्हणजे काय!

लोक म्हणतात, मास्तर, काय कान आहेत! कान कसले, मालधक्का आहे. येईल ते उतरवून घेतो. इतकी वर्षं माल उतरवतोय, आता आत पाय ठेवायला जागा नाही.

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा जळगाव. स्वप्नीलच्या शिकवणीतल्या पोरांनी भरीत केलं होतं. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, चव उत्तम. तालीम वाईट.

स्वप्नील म्हणतो, "काका, चुका. मुद्दाम चुका. चुकीतून वाट निघते."

मुद्दाम चुकलो. ती चूकसुद्धा कोणाची तरी होती. त्र्याण्णव साली आमच्या ट्रम्पेटवाल्याने केलेली. मीच त्याला झापलं होतं!

बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर लेकीशी भांडत होता. धुळे येईपर्यंत त्याचं भांडणही सुरांसकट पाठ.

२२ जानेवारी

झोपेतून उठलो तोच हिलाल आठवून. आठवण्याचं मी टाळत आलोय. लिहायचं तर सगळं लिहिलं पाहिजे.

हिलाल माझ्या बँडचा साइड ड्रमवाला. गावाकडचा, शाळा चौथीपर्यंत. बारा वर्षं माझ्याबरोबर होता आणि बारा वर्षांत एक ठेका त्याने दोनदा सारखा वाजवला नाही. आज इथे मारेल, उद्या तिथे सोडेल. मी ओरडायचो. "हिलाल, काल होतं तसं वाजव!" तो म्हणायचा, "काल कसं व्हतं?" मला वाटायचं टवाळी करतोय.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात अमळनेरला लग्न. वरात मांडवाच्या दारात. पोरं रंगात नाचत होती. हिलालने ठेका असा काही फिरवला की सगळ्यांचे पाय अडखळले. एक जण तर नवरदेवाच्या घोड्याखाली जायचा राहिला. नवरदेवाचा मामा तणतणत आला — "मास्तर, तुमचा ड्रमवाला पिऊन आलाय का?"

हिलाल कधी दारूला शिवला नाही. मला माहीत होतं. मी बोललो नाही. मोठं घर होतं, पुढची चार लग्नं त्यांच्याकडची. सगळ्या वरातीसमोर मी हिलालच्या गळ्यातला ड्रम काढला आणि झांजवाल्याच्या गळ्यात अडकवला. हिलाल बँडच्या लाल कोटात तसाच एसटी स्टँडकडे चालत गेला. आठ दिवसांनी कोट पार्सलने आला. धुऊन, इस्त्री करून. चिठ्ठी नाही.

सेहेचाळीस वर्षं मी भुसावळच्या व्हरांड्याकडे बघत राहिलो. जॅझ वाजवणारा माणूस माझ्या डाव्या हाताला चालत होता, त्याला मी भर रस्त्यात हाकललं. मामा म्हणाला म्हणून!

२३ जानेवारी

उजवीकडून दुसरा दात हलतोय.

२६ जानेवारी

गेलो. नरडाण्याच्या पुढे त्याचं गाव. तिथल्या औद्योगिक वसाहतीत वीस-बावीस वर्षं वॉचमन होता, आता घरी. दोन म्हशी आहेत. शाळेची पोरं झेंडावंदन करून परतत होती, त्यांनीच घर दाखवलं. "ते ड्रमवाले आबा?" — म्हणजे वाजवणं सुटलेलं नाही. कानबाई देवीच्या मिरवणुकीत वाजवतो म्हणे.

हिलाल ओट्यावर बसला होता. पांढराशुभ्र झालाय. मला बघून उठला नाही.

"ये मास्तर. मरी गया का काय कोनी?"

"कोणी नाही. मीच आलोय."

"तीस वरीस व्हई गयात. आते काबरं उना?"

आता का आलो म्हणे. घरातून चहा आला. मी दात, कार्यक्रम, सोळा घरं, सगळं सांगितलं. रेकॉर्डचंसुद्धा. तिथे तो हसला. मनापासून हसला, मांडीवर थाप मारून. म्हटलं, हिलालभाऊ, माझ्याबरोबर वाजव. एकदाच.

"तुले बठ्ठं याद ऱ्हास, मास्तर. हाईच तुन्हं दुखनं शे. माले सकाये काय वाजाडं ते संध्याकायले याद ऱ्हात नही."

मला सगळं लक्षात राहतं, तेच माझं दुखणं. म्हटलं, विसरणं शिकता येतं का?

"इसरानं कोन शिकाडी?"

विसरायला कोण शिकवणार! बोलताना त्याची बोटं रिकाम्या बशीवर चालली होती. मी ऐकत होतो — हो, ऐकत होतो, सवयच — दहा मिनिटांत त्याने एक गोष्ट पुन्हा केली नाही. आणि स्वतः तिकडे लक्षही देत नव्हता. म्हशीकडे बघत होता.

अमळनेरचा विषय त्याने काढला नाही. मी काढायला गेलो होतो. म्हशींच्या दुधाचा भाव विचारून उठलो. निघताना म्हटलं, दोन तारखेला तालमीला गाडी पाठवतो.

"तालीम काबरं? तठे जाईसन दखू."

तिथे जाऊन बघू. येणार म्हणाला का? तेही कळलं नाही.

२९ जानेवारी

जळतोय मी त्याच्यावर. खरं लिहितो. माझं दुकान, दोन मजल्यांचं घर, बावीस माणसांचा बँड. त्याच्याकडे दोन म्हशी आणि रिकामं डोकं. त्या रिकाम्या डोक्यासाठी मी काय दिलं नसतं!

पुष्पाला म्हटलं तर म्हणाली, "रिकामं डोकं तुम्हाला घरीच मिळालं असतं. मला विचारलंत कधी?"

२ फेब्रुवारी

तालीम. हिलाल नव्हता. मी साहेबांचंच वाजवलं. दुसरं येतच नाही. स्वप्नीलने पुढची धून काढली. पोर सभ्य आहे. सभ्य माणसांचा भयंकर राग येतो.

६ फेब्रुवारी

काही नाही. तेच.

९ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच जळगावहून आलो. जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

हिलाल आला. चार वाजता हॉलच्या दारात. धुतलेलं धोतर, गळ्यात स्वतःचा जुना ड्रम, पिशवीत भाकर. स्वप्नीलच्या पुण्याच्या ड्रमवाल्याने आपली जागा देऊ केली, तर म्हणाला, "इतला ड्रम एक मानोसले?" आणि स्टूल घेऊन माझ्या डाव्या हाताला बसला.

दीडशे माणसं असतील. डॉक्टर, प्राध्यापक, पोरं. पुष्पा पहिल्या रांगेत. धून झाली. माझी पाळी. उभा राहिलो आणि भीतीने... साहेबांचं पहिलं घर बाहेर पडलं. आपोआप. दुसरं घर. मी मनात मला शिव्या घालतोय आणि बोटं पाठांतर म्हणताहेत.

तिसऱ्या घराला हिलालने ड्रमवरून काठ्या उचलल्या. थांबला. सरळ थांबला!

स्वप्नील गोंधळला, त्याने आणि पुण्याच्या ड्रमवाल्यानेही हात काढले. मागचा ठेका गेल्यावर माझं ते पाठ केलेलं लंगडं पडलं, दोन पावलं गेलं आणि बसकण मारली. सगळं बंद. दीडशे माणसं. कोणीतरी खोकलं.

तीस वर्षांनी सूड घेतला, असंच वाटलं मला. सगळ्या वरातीसमोर!

हिलाल माझ्याकडे बघत होता. मोठ्याने म्हणाला, "चाल मास्तर, आते तू!"

लोक हसले. माझ्या कानशिलांत नुसतं रक्त वाजत होतं. दुसरं काहीच ऐकू येईना. दात ठणकत होता, म्हणून चोच ओठावर घेतली आणि एक खालचा सूर काढला. फाटका निघाला. हिलालने त्याच्या शेजारी एक टिपरू, काठीचा एक ठोका, ठेवलं. मी पुन्हा काढला. त्याने दोन ठेवली. मग मी काहीतरी विचारलं, त्याने उलट काहीतरी विचारलं...

पुढचं माहीत नाही. शपथेवर. सोळाची किती घरं झाली, मोजली नाहीत. कोणाचं होतं, ओळखलं नाही, ओळखायला थांबलोच नाही. संपलं तेव्हा लोक उभे होते आणि पुष्पा रडत होती. स्वप्नील कानात ओरडला, "काका, हे कुठून आणलंत?"

कुठूनही नाही, म्हटलं. कुठूनही नाही रे!

आता आठवायला बघतो तर एक सूर आठवत नाही. मला! सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

परतताना हिलाल गाडीत माझ्या शेजारी. त्याला सोडायला गाडी नरडाण्याच्या फाट्यापर्यंत नेली, तिथे धीर केला. म्हटलं, हिलालभाऊ, अमळनेरला मी चुकलो. विसर ते आता.

तो पिशवी घेऊन उतरला. खिडकीशी आला. रागात नव्हता. हवापाण्यावर बोलावं तसं बोलला —

"बठ्ठं इसरनू, मास्तर. तेवढं नही."

१० फेब्रुवारी

स्वप्नीलचा फोन. सगळं रेकॉर्ड केलंय म्हणे, पाठवतो. त्याला निक्षून सांगितलं, मला पाठवू नकोस. रुसला बहुतेक. समजावून सांगत बसलो नाही.

एकदा कानावर पडलं की मेलं. दर पाहुण्याला वाजवून दाखवीन, आणि म्हणीन हे मी मनाने केलं होतं. साहेबही व्हरांड्यात हेच करत नव्हते का?

परवा दात. सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवायचा होता, नाही ठेवला. असू दे बाहेर. उद्याचा एक दिवस आहे.

११ फेब्रुवारी

दुपारी दुकानातून जेवायला आलो. चपला काढतोय तोच स्वयंपाकघरातून सॅक्सोफोन. स्वप्नीलने पुष्पाच्या मोबाईलवर पाठवलं होतं. आत धावलो, पण मोबाईल बंद कुठून करायचा ते कळेपर्यंत शेवटचं टिपरू पडलं. चोवीस घरं होती.

"किती छान हो! पुन्हा लावू?"

म्हटलं, नको. पेटीवरचा सॅक्सोफोन उचलला, उभ्या उभ्या तेच सगळं वाजवलं. एकही सूर चुकला नाही.